पाच, सात, आठ

जाहिरातीत मी लिहिलं होतं, ‘क्वचित वापरलेली, एकही ओरखडा नाही.’ हे वाक्य आपल्याच घरात, आपलाच चहा पीत, आपल्याविरुद्ध वाचून दाखवलं जाऊ शकतं याची रविवारपर्यंत मला कल्पना नव्हती.

इलेक्ट्रिक गिटार आकाशी रंगाची, स्ट्रॅटोकास्टर घडणीची. विकायची कारण टेलिकास्टर नावाची दुसऱ्या घडणीची घ्यायची आहे, आणि एक बाहेर गेल्याशिवाय दुसरी आत येणार नाही असा आमच्या घरचा नियम आहे. नियम बायकोने केलाय. मुलुंडच्या वन बीएचकेत एक गिटार सोफ्यामागे, एक दिवाणाखाली आणि एक कपाटावर असल्यावर असा नियम होतोच. खिडकीच्या ग्रिलमधल्या कुंड्यांना तो का लागू नाही, हे विचारायचं नसतं.

गिऱ्हाईक म्हणजे लालबागचा एक मुलगा, इंजिनिअरिंगला असलेला. तो आला, पण त्याच्या आधी दारातून त्याचे आजोबा आत आले. पांढरा कडक शर्ट, खिशात पेन, चष्म्याचं घर आणि फीलर गेज. दोन भागांमधली फट मोजायच्या पोलादी पात्यांचा तो जुडगा मी लगेच ओळखला, कारण माझ्याकडेही एक आहे. गिटारचं सेटिंग घरच्या घरी करायचं म्हणून मागवला होता. त्याच्यावरचं कारखान्याचं तेल अजून तसंच आहे.

“आबा गिरणीत फिटर होते,” मुलगा जरा ओशाळून म्हणाला.

“विव्हिंग खातं,” आबा म्हणाले. “संपापर्यंत.”

म्हणजे 1982. गिरणी गेली, गेज खिशात राहिलं.

मी गिटार बॅगेतून काढून मुलाच्या हातात दिली. ती आबांनी घेतली. खांद्याला बंदूक लावावी तशी धरून, एक डोळा मिटून नेकवरून, म्हणजे मानेच्या लांब दांड्यावरून, नजर टाकली आणि म्हणाले, “वाकलीय.”

“पावसाळा आहे ना,” मी म्हटलं. “मुंबईच्या दमट हवेत लाकूड हलतं. आत लोखंडी ट्रस रॉड असतो. अॅलन की फिरवली की सरळ होते.”

“मग फिरवली का नाही?”

मुलाने पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर, म्हणजे नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर, तार दाबून धरली, आबांनी मध्ये तारेखाली पातं सरकवलं. “किती पाहिजे?” “दहा थाऊच्या आसपास,” मी म्हटलं. “अठरा आहे.” थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. गिटारच्या तारांची जाडीही त्याच मापात सांगतात. आम्ही दुकानात ‘नऊ-बेचाळीसचा सेट द्या’ म्हणतो, तो नऊ थाऊपासून बेचाळीस थाऊपर्यंतचा. हे कळल्यावर आबांना एकदम घरी आल्यासारखं वाटलं. त्यांनी चष्मा चढवला, मांडी घातली आणि माझ्या सतरंजीवर गिटार आडवी ठेवली. मला तिथेच ओळखायला हवं होतं की आता पोस्टमॉर्टेम होणार.

“वाजवता रोज?”

“वेळ मिळेल तसं.”

“म्हणजे नाही.” यात दोषारोप नव्हता. नुसती नोंद केली त्यांनी.

मग त्यांनी अंगठ्याचं नख पहिल्या पट्टीवरून फिरवलं. फ्रेटला ते पट्टी म्हणत होते. “जर्मन सिल्व्हर. मऊ धातू. पोलादी तार घासली की खड्डा पडणारच.” दुसरी पट्टी. तिसरी. चौथी. “कोरी. कोरी. कोरी.” पाचव्या पट्टीवर नख अडलं. त्यांनी मान वाकवली. सहाव्यावर गेले, “कोरी.” सातव्यावर थांबले. आठव्यावर थांबले. नवव्यापासून बाविसाव्यापर्यंत नख घसरगुंडीवरून जावं तसं सरळ खाली गेलं.

“पाच, सात, आठ,” आबा म्हणाले. “सहावी का नाही?”

मी काही बोलायच्या आत नातू म्हणाला, “ए मायनर पेंटाटोनिक आहे आबा. पहिला बॉक्स. सगळे काका तेच वाजवतात.”

सगळे काका! हे दोन शब्द मी अजून पचवतोय. बॉक्स म्हणजे पाच सुरांच्या त्या पेंटाटोनिक सप्तकाची नेकवरची ठरावीक चौकट. वास्तविक त्या बॉक्सची महती मी तासभर सांगू शकतो. पाचव्या फ्रेटवर पहिलं बोट ठेवलं की बाकीचे सूर बोटांखाली आपोआप येतात, आणि रॉक आणि ब्लूजच्या निम्म्या सोलोंचं घर तिथेच आहे. मी आबांना समजेल असं सांगायचा प्रयत्न केला. म्हटलं, “सा, कोमल ग, म, प, कोमल नी. हे आपल्या धानी रागाचेच सूर आहेत.”

“मग धानी तरी रोज वाजवा,” आबा म्हणाले आणि पुन्हा खाली वाकले. “आणि इथं काय करता तुम्ही? तिसऱ्या तारेखाली, सातव्या पट्टीवर?”

“बेंड करतो. तार ओढून सूर चढवायचा.”

“किती वर्षं?”

चहा घेऊन बायको आली तेव्हा मला वाटलं, साक्षीदार आला. तिला सांगितलं, “अगं, यांना सांग, वाजवतो की नाही मी?”

“वाजवतो ना,” ती म्हणाली. “रात्री जेवण झाल्यावर. एकच.”

“एकच काय?” आबांनी विचारलं.

“एकच काहीतरी.”

यानंतर भावाची बोलणी सुरू झाली, आणि ती ज्या पद्धतीने झाली त्याबद्दल माझी आजही तक्रार आहे. मी 18,000 सांगितले होते. आबांनी 12,000 म्हटलं. कारण काय, तर गिटार वापरलेली नाही. मी म्हटलं, अहो, जगात सगळीकडे न वापरलेल्या वस्तूला जास्त पैसे मिळतात. तर म्हणे, वस्तू वेगळी, वाद्य वेगळं. हात लागल्याशिवाय वाद्य रुळत नाही. आता चार चौघांत मी हे वाक्य स्वतः म्हटलं असतं. पण माझ्या घरात, 6,000 रुपयांसाठी, मी ते कसं मान्य करणार? मी म्हटलं, वापरलेली आहे, तुम्हीच आत्ता झीज दाखवली. आबांनी नातवाचा मोबाइल मागून घेतला, हात लांब करून धरला आणि जाहिरात मोठ्याने वाचली: “क्वचित वापरलेली.” मग म्हणाले, “शिवाय एकाच जागी झिजलीय. त्याचे वेगळे कमी करा.”

“दोन्ही कसं चालेल? एकतर वापरली नाही म्हणा, नाहीतर झिजली म्हणा!”

“गिरणीतला विणायचा साचा बंद ठेवला तर गंजतो, आणि कडेकडेनेच चालवला तर कडेलाच झिजतो. तुम्ही दोन्ही केलंय,” आबा शांतपणे म्हणाले आणि बिस्किट बुडवलं.

चहासोबत चौकशी पुढे गेली. ही विकून दुसरी घ्यायची, तर तिच्यात असं काय आहे जे हिच्यात नाही? चांगला प्रश्न आहे. याचं उत्तर देण्यासाठीच मी रात्र-रात्र व्हिडिओ बघतो. मी सांगायला लागलो. टेलिकास्टर म्हणजे 1950 सालची रचना, नाव नंतर बदललं पण घडण तीच. सपाट लाकडी फळी, तारांचा आवाज पकडणारे दोन पिकअप, फार नखरे नाहीत. पण ब्रिजजवळचा, म्हणजे तारा खाली जिथे टेकतात तिथला, पिकअप धातूच्या पत्र्यात बसवलेला, त्याचा आवाज असा टणत्कारी... आणि मी, बेचाळीस वर्षांचा माणूस, लालबागच्या आबांसमोर तोंडाने “ट्वँग” असा आवाज काढला. दोनदा, कारण पहिला नीट आला नाही.

“आणि कपाटावरची?”

तिच्यात हमबकर जातीचे पिकअप आहेत. साध्या पिकअपमध्ये लोहचुंबक आणि त्याभोवती तांब्याच्या तारेची गुंडाळी असते. ती गिटारच्या तारेबरोबर घरातल्या विजेची 50 हर्ट्झची गुणगुणसुद्धा पकडते. 1955 मध्ये गिब्सन कंपनीतल्या सेथ लव्हर यांनी दोन गुंडाळ्या उलटसुलट जोडल्या, तशी ती गुणगुण एकमेकींत मिटली. आमच्या बिल्डिंगचं अर्थिंग असं आहे की ही आकाशी गिटार अँपला, म्हणजे अँप्लिफायरला, लावली की माझ्याआधी महावितरण वाजतं. म्हणून हमबकरची गिटार घेणं हा शौक नव्हता, गरज होती. आबांना वायंडिंगचं हे प्रकरण मनापासून आवडलं. पहिल्यांदाच त्यांनी मान डोलावली. त्या जोरावर मी माझा हुकमाचा पत्ता टाकला: “आबा, ज्याने ह्या गिटारी बनवल्या ना, लिओ फेंडर, तो मूळचा रेडिओ दुरुस्त करणारा. त्याला स्वतःला गिटार वाजवताच यायची नाही!”

आबांनी बशी खाली ठेवली. “तो विकायचा,” ते म्हणाले. “तुम्ही विकत घेता.”

नातू हसला. बायको आत गेली, पण आतून हसली ते मला ऐकू आलं.

आता माझी बाजू कुणीच विचारत नाही, म्हणून इथे मांडतो. ‘आहे तीच वाजवा की’ हे सांगणं फार सोपं आहे. कुठे वाजवू? मुलुंडहून सीएसएमटीला जाऊन येऊन, वर ऑफिस करून, हात धुऊन गिटार काढेपर्यंत साडेनऊ होतात. दहाला खालच्या मजल्यावरून सोसायटीच्या ग्रुपवर हात जोडलेली खूण येते. हाच ग्रुप मैदानातल्या ढोल-ताशा पथकाच्या सरावाला दोन महिने टाळ्या पाठवत असतो. समोरच्या विंगमध्ये हार्मोनियमचा क्लास चालतो, ते संस्कार. माझा अँप पाचावर गेला की ती समाजविघातक प्रवृत्ती. मग हेडफोन लावायचे, दिवाणाच्या कडेवर बसायचं, ठेका धरणारा मेट्रोनोम 60 वर लावायचा आणि एक-दोन-तीन-चार, एक-दोन-तीन-चार. अर्ध्या तासानंतर काय मिळतं? काल होतं तेच. उद्याही तेच. एका बोटाने सगळ्या तारा दाबायच्या त्या एफच्या बार कॉर्डमधली दुसरी तार गेली कित्येक वर्षं मेलेली आहे, ती आज रात्री जिवंत होणार नाही हे मला ठाऊक असतं.

याउलट धोबी तलावला जावं. फुर्टाडोजचं दुकान 1865 पासूनचं; तिथे तारांचा सेट घ्यायच्या निमित्ताने शिरलं की भिंतभर टांगलेल्या गिटारी दिसतात आणि त्यातल्या प्रत्येकीवर आपण चांगलं वाजवणार असतो. शिवाय नवी गिटार घरी आली की पहिला आठवडा मी खरोखर बसतो, बोटं दुखेपर्यंत. जुन्या गिटारने हे करून दाखवावं. माझ्या हिशेबाने टेलिकास्टर हा वाद्याचा खर्च नाहीच, सरावाची फी आहे. बायकोला हा हिशेब मांडून दाखवला होता. ती म्हणाली, मग तबला लाव, फी कमी आहे.

आणि एक गोष्ट आबांनी विचारलीच नाही. त्यांनी पट्ट्या तपासल्या, कान नाही तपासले. कुठला पिकअप चालू आहे, तार जुनी की नवी, हे मी शेजारच्या खोलीतून सांगू शकतो. कान इतके पुढे निघून गेले की बोटांना ते दिसेनासे झालेत. आपल्याला काय वाजवता येत नाही हे इतकं बारकाईने ऐकू येणं हा काही सुखाचा प्रकार नाही. पण त्याचा खड्डा कुठे पडत नाही, त्यामुळे नखाला लागत नाही.

मुलाने शेवटी गिटार हातात घेतली. वाजवली. बरी वाजवली. फार चांगली असती तर मला दिलदार होता आलं असतं. थोडीच चांगली होती, माझ्याहून. आणि मुद्दाम, मला खात्री आहे मुद्दाम, तो पहिल्या चार फ्रेटवरच वाजवत राहिला. आबा बोट दाखवत म्हणाले, “बघा, इथंपण वाजते.”

13,500 ला तुटलं. मुलाने मोबाइलवरून पैसे पाठवले, आबांनी ते मला पोचले का हे माझ्या मोबाइलमध्ये स्वतः बघितलं. बॅग जाहिरातीत होती, ती दिली. पट्टा नव्हता, तोही गेला. अॅलन की मागितली, दिली. तसंही मी फिरवणार नव्हतो हे सगळ्यांसमोर सिद्ध झालंच होतं. जाताना आबा दारात थांबून म्हणाले, “नवीन आणाल तेव्हा बाराव्या पट्टीपासून सुरू करा. म्हणजे पुढच्या वेळी भाव बरा येईल.” पुढच्या वेळी!

संध्याकाळी कपाटावरची हमबकरवाली काढली. रागाच्या भरात, सराव करायचा म्हणूनच काढली, आणि अँप लावायला गेलो तर केबल नाही. बॅगेच्या पुढच्या खिशात होती, बॅगेबरोबर लालबागला गेली. तीन मीटरची, चांगल्या जॅकची, माझी एकुलती एक. जाहिरातीत तिचा उल्लेख नव्हता, बोलण्यात नव्हता, पैशांत तर नव्हताच. मी मुलाला सभ्य भाषेत मेसेज केला की केबल चुकून आली आहे, कुरियर केलीस तरी चालेल, खर्च मी देईन.

रात्री उशिरा उत्तर आलं. “सॉरी काका, बघतो. आबा विचारतायत, घाईची आहे का?”