‘आघात ही नुसती सबब’: एका दाव्याचा प्रतिवाद

अमेरिकेतील बालगुन्हेगारीची चर्चा निघाली की एक दावा हमखास पुढे येतो: लॅटिनो (लॅटिन अमेरिकी वंशाच्या) मुलांच्या बाबतीत मानसिक आघात ही नुसती सबब आहे, त्यांच्या नोंदींत मानसिक आजार फारसा दिसत नाही, आणि काही महिने आत काढले की ती वठणीवर येतात.

पहिला मुद्दा सबबीचा. शिकागोच्या कुक काउंटीतील बालकोठडीत १९९५ ते १९९८ या काळात दाखल झालेल्या १,८२९ मुलामुलींचा अभ्यास झाला; त्यांत लॅटिनो मुलेही होती. आघाताविषयी ज्यांना विचारले गेले, त्यांच्यापैकी ९२.५ टक्क्यांनी किमान एक आघात सोसलेला होता. आघातानंतर मागे राहणारा मानसिक आजार, म्हणजे आघातोत्तर ताणविकार (पीटीएसडी), मात्र ११.२ टक्क्यांमध्येच आढळला, आणि हा आकडा दावेकऱ्यांच्या पथ्यावर पडतो हे मान्य करायला हवे. परंतु व्यसनांसह सर्व मनोविकार धरले, तर सुमारे दोनतृतीयांश मुलगे आणि जवळजवळ तीनचतुर्थांश मुली त्यांत मोडत होत्या. निदान झाले म्हणून गुन्हा माफ होत नाही, हे सांगायलाही नको.

दुसरा मुद्दा नोंदींचा, आणि खरी गोम इथेच आहे. अनेक ठिकाणी लॅटिनो मुलांची नोंद ‘श्वेतवर्णीय’ म्हणूनच होत आल्यामुळे त्यांचे वेगळे आकडेच हाती येत नाहीत. दाखल होताना बऱ्याच कोठड्यांत मानसिक त्रास हेरण्यासाठी ५२ प्रश्नांची ‘हो–नाही’ चाचणी घेतली जाते, आणि ती स्पॅनिशमध्येही उपलब्ध आहे; पण वडिलांकडे देशात राहण्याची कागदपत्रे नाहीत म्हणून घरातले काहीही बाहेर बोलायचे नाही, असे लहानपणापासून बजावलेला मुलगा कुठल्याही भाषेत ‘नाही’वरच खूण करणार. दुभाषा नसला, तर आईचे म्हणणे इंग्रजीत सांगण्याचे कामही त्याच्याच गळ्यात पडते. मग तिच्यासमोर तो घरातल्या मारहाणीबद्दल काय सांगणार?

तिसरा मुद्दा वठणीवर येण्याचा. फिलाडेल्फिया आणि फिनिक्स येथील १,३५४ गंभीर गुन्हे केलेल्या किशोरांचा सात वर्षे मागोवा घेतला गेला. त्यांत सुमारे एकतृतीयांश लॅटिनो होते, आणि बंदिवासातला मुक्काम लांबवल्याने पुन्हा गुन्हा करण्याचे प्रमाण घटल्याचे दिसले नाही. उलट आत राहून गोष्टी बिघडू शकतात: झडतीसाठी मागून कोणी हात लावताच घरी मार खाल्लेला मुलगा दचकून त्याला ढकलतो. चिडचिड आणि रागाचे उद्रेक ही आघातोत्तर ताणविकाराची मान्य लक्षणे आहेत. अहवालात मात्र ‘कर्मचाऱ्यावर हल्ला’ असे लिहिले जाते, मुलाला एकांतात टाकले जाते, आणि पुढच्या सुनावणीत त्याच अहवालाच्या आधारे त्याचा मुक्काम वाढू शकतो.