काच खाली करून ओढायचो म्हणे!

"सिगरेट ओढायचो हो दादा, पण काच खाली करून." सेकंडहँड गाडी विकणाऱ्यांना हे वाक्य कुठे शिकवतात कोण जाणे. धूर काय तुमची परवानगी घेऊन खिडकीतून सरळ बाहेर जातो? तो आधी टॉपला, म्हणजे छताच्या आतल्या कापडाला आपटतो, मग मागच्या सीटवर पसरतो, आणि उरलेला एसीचा ब्लोअर ओढून घेतो. पाच वर्षं रोज चार सिगरेटी म्हणजे सात हजारांच्या वर झाल्या. ती सगळी राळ गाडीतच बसलीय, फक्त दिसत नाही.

आणि एजंट? गिऱ्हाईक यायच्या तासभर आधी चारी दारं सताड उघडी, डॅशबोर्डवर जेलची डबी, आरशाला लोंबणारं लिंबाच्या वासाचं कागदी झाड, वर चकचकीत पॉलिश. एमएच १२ पासिंगची गाडी फेब्रुवारीत पुण्याच्या कोरड्या हवेत बघितली तर वास जाणवतही नाही. तीच गाडी जूनमध्ये राजापुरात किंवा कणकवलीत उभी राहिली, काचा बंद झाल्या, की बंद पडलेल्या बारमध्ये बसल्यासारखं वाटतं. कारण साधं आहे. टार आणि निकोटिनचा चिकट थर कापड, फोम, प्लास्टिक, काच सगळ्यांवर चढलेला असतो, आणि उष्ण-दमट हवा मिळाली की त्यातली द्रव्यं पुन्हा हवेत सुटत राहतात. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या रत्नागिरीत हे चार महिने चालतं. त्या थरावर आपली तांबडी धूळ बसली की काचेच्या आतल्या बाजूला जो तपकिरी चिखल तयार होतो, तो कोरड्या फडक्याने नुसता इकडचा तिकडे होतो.

म्हणून शिरा पडो त्या परफ्युमवर. थर जागच्या जागी, वर मोगऱ्याचा फवारा; म्हणजे आता मोगरा लावलेली सिगरेट. त्याहून थोर ते गाडीत उदबत्ती आणि धूप लावणारे. धुराचा वास घालवायला धूर! कॉफी पावडरची वाटी ठेवा म्हणणाऱ्यांनी पावसाळ्यात ती चार दिवसांनी उघडून बघावी, गोळा आणि वर बुरशी. करवंटीच्या कोळशाचंही तेच. वास शोषणारा सक्रिय कोळसा करवंटीपासून बनतो हे खरं, पण त्यावर प्रचंड तापमानाला वाफेची प्रक्रिया करून बारीक छिद्रं उघडलेली असतात. चुलीतला कोळसा तो नव्हे. आणि खरा सक्रिय कोळसा आणलात तरी तो हवेतला वास घेईल, थर पुसणार नाही.

वॉशिंग सेंटरचं 'फुल इंटेरिअर क्लिनिंग' बघून तर डोकं फिरतं. सीटवर फेस, डॅशबोर्डला पॉलिश, फूटमॅट धुतले, द्या पैसे. टॉपला हात नाही, सीटबेल्ट नाही, एसी तर नाहीच. विकणाऱ्याने मूळ कापडी सीटवर रेक्झिनची नवी कव्हरं चढवलेली, मूळ कार्पेटवर जाड सेव्हन-डी मॅट ठोकलेली. खालचा फोम वर्षानुवर्षं धूर प्यायलेला, आणि ही मंडळी वरचं रेक्झिन चोळतात! पहिलं काम ती कव्हरं आणि मॅट उतरवणं. ती काढल्याशिवाय पुढे काहीही करू नका, पैसे पाण्यात.

काम वरून खाली करायचं, आणि शक्यतो ऑक्टोबरच्या कडक उन्हात नाहीतर होळीनंतर. पावसाळ्यात ओली केलेली सीट वाळत नाही, मग सिगरेट अधिक बुरशी असा नवाच वास. आधी सुका व्हॅक्यूम, सीट पुढे-मागे सरकवून रेलच्या फटीतूनसुद्धा, कारण राख तिथेच असते. अॅशट्रे काढून रात्रभर साबणाच्या पाण्यात.

मग टॉप. सगळ्यात जास्त वास इथे, आणि सगळ्यात जास्त वाट लावली जाते तीही इथेच. ते कापड पातळ फोमवर आणि फोम पुठ्ठ्यावर गोंदाने चिकटवलेला असतो. पिचकारी घेऊन भिजवलंत की गोंद सुटतो आणि महिन्याभरात कापड डोक्यावर लोंबायला लागतं. पुन्हा लावायचं तर अख्खा टॉप उतरवावा लागतो. म्हणून फवारा कापडावर कधीच नाही, हातातल्या मायक्रोफायबरवर. पाच लिटर कोमट पाण्यात दोन चमचे भांडी घासायचा लिक्विड साबण, फडकं घट्ट पिळून, एका वेळी फूटभर जागा, एकाच दिशेने हलक्या हाताने. फडकं तपकिरी झालं की दुसरं घ्या. दहा-बारा फडकी लागतात, दोन फडक्यांत टॉप झाला असं कोणी सांगितलं तर त्याने टॉप केलेलाच नाही. ड्रायव्हरच्या डोक्यावरची जागा, सनवायझर आणि दारावरचा हँडल तीनदा.

दुसरा हात व्हिनेगरचा: पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मंनिम्म. मासे साफ केल्यावर हाताला आपण लिंबू किंवा आमसूल चोळतो ना, तेच तत्त्व. मासळीचा वास देणारी द्रव्यं अल्कधर्मी, निकोटिनही अल्कधर्मी, आंबट त्याला मारतं. पण टारला आंबटाचं काही पडलेलं नाही, त्याला साबणच लागतो. म्हणून आधी साबण, मग व्हिनेगर. (आमसूल गाडीत चोळू नका, डाग जन्मभर राहील.) आणि व्हिनेगरमध्ये खायचा सोडा मिसळून 'डबल पॉवर' करणाऱ्या महाभागांनो, दोघं एकमेकांना मारून टाकतात, हातात उरतं खारट पाणी आणि बुडबुडे. सोडा वेगळा, सगळं खणखणीत वाळल्यावर: अर्धा किलो सीट-कार्पेटवर भुरभुरवा, बारा तास ठेवा, व्हॅक्यूम करा. ओल्या सीटवर टाकलात तर शिलाईत पांढरी खपली बसते.

काचा, डॅशबोर्ड, दारं, स्टिअरिंग त्याच साबणाच्या पाण्याने निघतात. एसीच्या जाळ्यांना रंगाचा छोटा ब्रश. सीटला शॅम्पू करून ओला व्हॅक्यूम लावा, आणि दिवसभर पेडेस्टल फॅन. कार्पेटखाली जाड नमदा असतो, तो ओला राहिला की संपलं. सीट खोलणार असाल तर आधी बॅटरीची निगेटिव्ह काढून दहा मिनिटं थांबा. सीटखालचा पिवळा कनेक्टर एअरबॅगचा असतो, त्याला ओढाताण नको, पाणी तर मुळीच नको.

सीटबेल्ट कोणीच धूत नाही! छातीवर, नाकापासून वीतभर खाली, धुराने माखलेली पट्टी. पूर्ण बाहेर ओढा, मुळाशी चिमटा लावा म्हणजे आत पळणार नाही, मगभर साबणाच्या पाण्यात बुडवून मऊ ब्रशने विणीच्या दिशेने घासा. ब्लीच नको, पट्टी कमकुवत होते. पूर्ण वाळेपर्यंत चिमटा काढायचा नाही.

आणि एसी. रिसर्क्युलेशनवर, म्हणजे आतलीच हवा फिरवत, एसी लावून ओढलेली प्रत्येक सिगरेट कूलिंग कॉइलवरून फिरलेली असते. कॉइल सतत ओली, टार चिकटायला आणखी सोपं. लोक फक्त हवा गाळणारा केबिन फिल्टर बदलतात आणि वास का जात नाही म्हणून कपाळाला हात लावतात. बऱ्याच गाड्यांत फिल्टर ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो. काही स्वस्त मॉडेलमध्ये जागा आहे पण फिल्टरच नाही, ही कंपन्यांची कंजुषी वेगळीच. जुना फिल्टर काढा, त्या जागेतून कॉइल क्लीनरचा फोम मारा, वीस मिनिटं थांबा. गाडीखाली ड्रेन पाइपातून तपकिरी पाणी ठिबकलं पाहिजे. नाही ठिबकलं तर पाइप तुंबलाय, आधी तो मोकळा करा, नाहीतर पाणी पायात येईल. मग एसी बंद, हीटर आणि ब्लोअर फुल, दारं उघडी, पंधरा मिनिटं. नवा कार्बनवाला फिल्टर शेवटी, बाण हवेच्या दिशेने. सुरुवातीलाच घातलात तर सगळी घाण त्यातच.

वास मारायला ओझोन वायू सोडणारं मशीन? काम करतं, पण थर पुसल्यानंतरच. रिसर्क्युलेशनवर ब्लोअर चालू, आत माणूस-जनावर कोणी नाही, अर्धा तास, मग दारं उघडून तासभर हवा. फुप्फुसाला घातक आहे तो वायू, आणि 'अजून दोन तास ठेवू' म्हणणाऱ्यांचे दाराचे रबर तडकतात.

या सगळ्याला दोन पूर्ण दिवस जातात, आणि ज्याने ओढल्या तो मात्र किंमत 'फायनल' सांगून मोकळा. म्हणून गाडी बघायला न सांगता सकाळी जा, काचा बंद असताना. दार उघडताच नाक आत, सीटबेल्ट टोकापर्यंत ओढून हुंगा, ओलं पांढरं फडकं सनवायझरच्या मागे घासा. पिवळं आलं की साफसफाईचा खर्च किमतीतून वजा, आणि 'काच खाली करून' ऐकूनच घेऊ नका. साफ केल्यावरची परीक्षा पहिल्या पावसाला: एसी बंद, काचा बंद, गाडी अर्धा तास उभी, मग दार उघडा. लगेच वास आला तर टॉप किंवा सीटचा फोम राहिलाय. एसी लावल्यावरच आला तर कॉइल, आणि दोनदा फोम मारूनही येत असेल तर डॅशबोर्ड उतरवून कॉइल बाहेर काढणं आलं, गॅस नव्याने भरण्यासकट.