आजोबा, आता काय चावू?

परवा रात्री आमच्याकडे जेवताना वाद झाला. सासरे नातवाला म्हणाले, "घास बत्तीस वेळा चावायचा. मोज." पोरगं आज्ञाधारक. आमटी-भाताचा घास तोंडात आणि बोटांवर मोजणी सुरू. अकरावर थांबलं. "आजोबा, तोंडात काही उरलंच नाही. आता काय चावू?"

सासऱ्यांना उत्तर सुचलं नाही. मला सुचलं होतं, पण ताटावर भाषण नको म्हणून गप्प बसले. ते इथे देते. मी डेंटल कॉलेजात फिजिऑलॉजी शिकवते, म्हणजे विषय अक्षरशः पोटापाण्याचा.

माझं म्हणणं एवढंच की मोजू नका. मोजणारा आत बसलेला आहे आणि तो आपल्यापेक्षा हुशार आहे.

हे कळायला वेळ लागला. १९१७ साली शेरिंग्टन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने मांजरांवर प्रयोग करून जबड्याचे प्रतिक्षेप, म्हणजे विचार न करता आपोआप होणाऱ्या हालचाली, दाखवले. त्यावरून बरीच वर्षं समज असा होता की घासाचा दाब पडला की जबडा उघडतो, उघडला की स्नायू ताणले जातात, ताणले की तो मिटतो, आणि पुन्हा पहिल्यापासून. पाळण्यासारखं, आपल्याच झोक्यावर चालणारं. दिसायला सुबक कल्पना. १९७१ मध्ये डेलो आणि लंड या दोघा संशोधकांनी ती मोडली. त्यांनी सशाचे स्नायू औषधाने लुळे केले. जबडा हलणार नाही, म्हणजे तोंडातून 'उघडलं, मिटलं' अशी खबर वर जाणार नाही. मग मेंदूला विजेची उत्तेजना दिली आणि जबड्याकडे जाणाऱ्या नसांवर कान ठेवला. जबडा ठप्प, पण हुकूम तालात सुटत होते. एकदा उघड, एकदा मीट. ताल तोंडात नव्हताच. तो ब्रेनस्टेममध्ये होता, मेंदूच्या देठात.

जेम्स लंड पुढे मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात दंतवैद्यकाचे डीन झाले आणि या एकाच प्रश्नाभोवती त्यांनी आयुष्य काढलं. "सशाच्या चावण्यावर आयुष्यभर संशोधन?" असं कुणी हसलं की मला राग येतो. हसणाऱ्याने पुढचा घास जरा लक्ष देऊन खावा.

कारण ताल आतला असला तरी तोंडातून येणाऱ्या खबरीवर तो क्षणोक्षणी बदलतो. चिक्कीचा तुकडा आला की मिटणाऱ्या स्नायूंचा जोर वाढतो, केळ्याला वाढत नाही. भातात खडा लागला की "आई गं" म्हणायच्या आधीच स्नायूंची ओढ सुटते, सेकंदाच्या साधारण शंभराव्या भागात. इतक्या वेळात विचार होत नाही. शिवाय एक गंमत आहे. शरीरात इतरत्र, स्नायूच्या ताणाची बातमी आणणाऱ्या चेतापेशी मेंदू आणि मज्जारज्जूच्या बाहेर, गाठींमध्ये असतात. जबडा मिटणाऱ्या स्नायूंची बातमी आणणाऱ्या पेशी मात्र थेट मेंदूच्या आत जाऊन बसल्यात. मी हे दरवर्षी शिकवते आणि दरवर्षी मलाच नवल वाटतं.

ताल नेमका कसा निघतो, हे अजून उलगडतंय. मॉन्ट्रियलमध्येच आर्लेट कोल्टा यांच्या गटाने २०१५ मध्ये दाखवलं की यात चेतापेशी एकट्या नाहीत. त्यांच्या शेजारच्या ॲस्ट्रोसाइट पेशी, ज्यांना आपण वर्षानुवर्षं नुसतं भराव समजत आलो, आजूबाजूचं कॅल्शियम कमी करतात आणि मग चेतापेशी ठेक्यात संदेश सोडू लागतात. २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातल्या संशोधकांना भुकेच्या खबरीपासून जबड्यापर्यंत जाणारी अवघ्या तीन टप्प्यांची साखळी उंदरात सापडली. त्यातल्या काही पेशी बंद केल्या तर उंदीर प्रचंड खात, आणि समोर अन्न नसलं तरी जबडा हलवत राहत.

आता बत्तीसचं काय करायचं? पोहे, मऊ भात आणि सुकं खोबरं, सगळ्यांना एकच आकडा कसा लागेल? बकाबका खाऊ नये हे कबूल. पण त्यावर उपाय मोबाइल बाजूला ठेवण्याचा आहे, पाढे म्हणण्याचा नाही. रीलवर 'चाळीस वेळा चावा' सांगणाऱ्यांना माझा हात जोडून नमस्कार.

सासऱ्यांच्या बाजूने मात्र एक गोष्ट सांगायला हवी. त्यांना दोन्हीकडे कवळी आहे. खऱ्या दाताच्या मुळाभोवती धाग्यांचं बारीक अस्तर असतं, दातावर किती आणि कुठून दाब पडतोय ते तिथून कळतं. दात गेले की ते अस्तरही जातं. हिरडीवरून येणारी खबर त्या मानाने बोथट. कदाचित म्हणूनच ते मोजत असतील, खबर कमी पडते तिथे आकडा धरून. हे लक्षात आल्यावर माझा अर्धा राग ओसरला.

काल नातवाने शेंगदाण्याची चिक्की खाताना मोजलं. एकोणचाळीस. तेव्हापासून सासरे म्हणताहेत, बत्तीस ही कमीत कमी मर्यादा होती.