आधी वाक्य दे, मग अर्थ

"मावशी, फक्त फॉरमॅटिंग करायचंय गं. एका रविवारचं काम."

भाच्याचा हा मेसेज आला त्याला तीन महिने झाले. तो रविवार अजून संपलेला नाही.

झालंय असं की भाचा आणि त्याच्या हॉस्टेलवरचे नऊ-दहा जण मिळून कॉलेजात बोलल्या जाणाऱ्या शब्दांचा ऑनलाइन कोश करताहेत. कॉलेज पुण्यातलं, इंजिनिअरिंगचं. पोरं मात्र कोल्हापूर, नागपूर, जळगाव, लातूर, डोंबिवली अशी चहूकडची. एक गूगल शीट, तिच्यात ३४० ओळी. मी मुद्रितं तपासून पोट भरते हे घरात सगळ्यांना ठाऊक, त्यामुळे शीट आली माझ्या गळ्यात. त्यांच्या लेखी फॉरमॅटिंग म्हणजे शब्द ठळक, अर्थ तिरपा, ओळींत सारखं अंतर आणि प्रत्येक शब्दापुढे एक इमोजी.

शीट उघडली. चार रकाने: शब्द, अर्थ, इंग्लिश मीनिंग, इमोजी. "कल्टी – पळून जाणे." बरं. "पडीक – रिकामटेकडा." बरं. मग आलं "झोल – गडबड." दहा ओळी खाली "लोचा – गडबड." आणखी थोडं खाली "वांदा – गडबड."

मी भाच्याला फोन लावला. म्हटलं, मेसच्या पैशांचा झोल झाला आणि मेसच्या पैशांचा वांदा झाला, यात काही फरक?

"म्हणजे काय! झोल झाला म्हणजे कुणीतरी खाल्ले. वांदा म्हणजे मुळात नाहीचेत."

"आणि लोचा?"

"लोचा म्हणजे... पैसे भरले, पण पावती दुसऱ्याच्याच नावावर निघाली."

म्हणजे पोराला सगळं येतंय. तिन्ही शब्दांतला फरक त्याच्या तोंडात चोख आहे, कागदावर मात्र तिन्हींची मिळून एक गडबड झाली. कारण शीटनं त्याला अर्थ विचारला, आणि अर्थ विचारला की आपण सगळेच शाळेत जातो, एका शब्दाला एक समानार्थी शब्द देऊन मोकळे होतो. वाक्य विचारलं असतं तर तो झोल आणि वांदा यांत शंभर जन्मांत घोटाळा करता ना.

त्याच दिवशी मी शीट परत पाठवली, वर एक ओळ लिहून: अर्थाचा रकाना पुसा. आधी वाक्य, खरोखर कुणीतरी कुणालातरी म्हटलेलं. ते मिळाल्यावर अर्थ लिहू. ज्या शब्दाला वाक्य नाही, त्याची नोंद नाही.

ग्रुपवर यावर बराच राडा झाला म्हणे. त्यांच्या डोळ्यांसमोर होती अर्बन डिक्शनरी, इंग्रजी बोलीशब्दांचा ऑनलाइन कोश. तीही १९९९ मध्ये आरन पेकहम नावाच्या कॉलेजातल्या पोरानंच सुरू केलेली, त्यामुळे आपलेपणा वाटणं साहजिक. तिथे कुणीही अर्थ लिहावा, लोकांनी अंगठा वर किंवा खाली करावा. गंमत अशी की तिथेही अर्थाखाली उदाहरणाची जागा असते. आमच्या पोरांनी नेमकी तीच उचलली नाही, अंगठे तेवढे उचलले.

दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश, १९३२ ते १९३८ या काळात निघालेले सात खंड, माझ्या टेबलाच्या उजव्या हाताला असतात. दिसायला महाकंटाळवाणे. बारीक टाइप, दोन स्तंभ, चित्र औषधालाही नाही. पण एखादी नोंद नीट बघा. शब्द, त्याचं लिंग, कुठल्या मुलखातला त्याचं कंसात एक अक्षर, अर्थाला आकडे, आणि अर्थाच्या पाठीशी कुठे ज्ञानेश्वरी, कुठे तुकाराम, कुठे जुना कागद. शब्द कुणाच्या तोंडचा आहे याची साक्ष काढलेली. आता "कल्टी"ला गाथेतून साक्ष कुठून आणणार? तिची साक्ष कँटीनमध्ये. म्हणून तर ती आजच टिपून ठेवायची. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातल्या कॉनी एबल या प्राध्यापक बाई १९७२ पासून वर्षानुवर्षं आपल्या विद्यार्थ्यांकडून त्यांचे शब्द लिहून घेत होत्या. तेव्हा हे उद्योग फक्त आमच्या भाच्यालाच सुचतात असं नाही.

"पडीक"चं बघा. वाक्य आलं: "तो काय लेक्चरला यायचा, टपरीवर पडीक असतो दिवसभर." आता हा रिकामटेकडा आहे का? मुळीच नाही. तो चार जणांच्या असाइनमेंट तिथेच बसून लिहितोय, शिवाय टपरीवाल्याचा हिशोबही बघतोय. पडीक म्हणजे एका ठिकाणी पडून राहिलेला, पडीक जमिनीसारखा. जमीन नांगराविना पडते, हा लेक्चराविना. "कुठे?" याचं उत्तर दिल्याशिवाय या शब्दाचं वाक्यच होत नाही. तो टपरीवर पडीक असेल, जिममध्ये असेल, लायब्ररीतही असेल. हे वाक्यातून आपोआप कळतं. "रिकामटेकडा" लिहिलंत की संपलं.

आता केटी. ही माझी लाडकी नोंद. विद्यापीठाच्या नियमात "अलाउड टू कीप टर्म्स" अशी सवलत असते: काही विषय राहिले तरी पुढच्या वर्गात बसायची मुभा. त्याचं लघुरूप एटीकेटी, आणि त्यातली पहिली दोन अक्षरं गळून केटी. नियमात एटीकेटी मिळते. पोरांच्या तोंडी केटी लागते. ताप लागतो, नजर लागते, तशी. मुभेचा अर्थ वाहून गेला आणि राहिलेल्या विषयालाच केटी म्हणायला लागले: "मॅथ्सची केटी आहे", "तीन केट्या आहेत". अनेकवचनसुद्धा मराठी पद्धतीनं, वाटी-वाट्या तसं केटी-केट्या. शीटमध्ये यातलं काय होतं? "केटी – फेल होणे." आणि पुढे रडका इमोजी.

खरं तर माझं डोकं फिरलं ते जीटीवर.

शीटमध्ये होतं: "जीटी – कॉपी करणे." मी १९९७ साली सांगलीत फर्स्ट इयरला होते. ड्रॉइंगच्या शीट्स हातानं काढायच्या, आणि त्या काढता काढता पाठीचा कणा जायचा. आमच्या मुलींच्या हॉस्टेलवर रेक्टरबाईंच्या टेबलावर एक जाड काच होती. रात्री साडेदहाला त्या झोपल्या की काच अलगद उचलून आमच्या खोलीत. दोन खुर्च्या समोरासमोर, त्यांच्यावर काच आडवी, खाली फरशीवर टेबल लॅम्प उलटा करून ठेवलेला. काचेवर हुशार मुलीची पुरी झालेली शीट, तिच्यावर आपली कोरी, चारही कोपऱ्यांना सेलोटेप. दिवा लावला की खालच्या रेषा वरच्या कागदावर अशा उमटायच्या, जणू कागदालाच आतून शिरा आल्यात. मग पेन्सिल फिरवायची. ग्लास ट्रेसिंग, म्हणजे जीटी. "जीटी मारली." एका रात्रीत चार-पाच जणींच्या शीट्स निघायच्या. काच तापायची, मधूनमधून दिवा बंद करून थांबावं लागे, तेवढ्यात मॅगी.

एकदा मूळ शीटवर ४५ चं माप ५४ पडलं होतं. अकरा जणींच्या शीटवर ५४. सरांनी अकराही शीट्स वर्गातल्या टेबलांवर ओळीनं मांडल्या, काही बोलले नाहीत, नुसते एकेका आकड्यावर लाल पेननं टिंब देत गेले. नंतर "चोपन्न" हाच आमच्या बॅचचा शब्द झाला. कुणी दुसऱ्याचं जसंच्या तसं उचललं की म्हणायचं, "चोपन्न आहे हे." आमची बॅच पांगली आणि तो शब्दही गेला.

हे सगळं "कॉपी करणे" या दोन शब्दांत कुठे आहे? भाच्याला विचारलं तर तो म्हणाला, आम्ही सीनियर्सकडून ऐकलं, आमच्याकडे आता संगणकावर काढलेल्या ड्रॉइंगची, ऑटोकॅडची फाइल फिरते, पण म्हणतात जीटीच. त्याला काच ठाऊकच नव्हती. मग जीटीच्या नोंदीत दोन अर्थ पडले, दोन वाक्यं आली, आणि आम्ही नवा रकाना काढला: कधी ऐकला. वर्ष नेमकं नसलं तर "मावशीच्या वेळी" असंही चालेल म्हटलं. (चाललं. सतरा नोंदींवर मी काळाचं माप म्हणून बसले आहे.)

दुसरा रकाना वाढला तो नागपूरच्या पोरामुळे. त्याची नोंद होती "बे – अरे". पहिल्या वर्षी आल्या आल्या त्यानं खोलीतल्या सातारच्या मुलाला प्रेमानं विचारलं होतं, "काय करून राहिला बे?" आणि सातारकर अंगावर धावून गेला. त्याच्या कानाला ते शिवीसारखं लागलं. तिकडे नागपुरात जिवलग दोस्ताला बे म्हटलं नाही तर दोस्त म्हणेल, काय झालं, रुसला का? पण तोच नागपूरकर वडिलांना किंवा सरांना बे म्हणणार नाही, मेला तरी. तेव्हा रकाना: कोण कोणाला. बरोबरीच्याला, धाकट्याला, पाठीमागे, तोंडावर. दाते-कर्व्यांनी (ना.), (व.), (कों.), (गो.) अशा खुणांनी मुलूख नोंदवून ठेवले. आम्हाला त्याच्या जोडीला खोलीतली नातीही नोंदवावी लागली.

हाच रकाना पुढे सगळ्यात कडू भांडणाला कामी आला. मुलींबद्दलचे शब्द. शीटमध्ये तसले एकवीस होते, "माल", "सामान" वगैरे. अर्थाच्या जागी काय? "सुंदर मुलगी." आणि डोळा मारणारा इमोजी. ग्रुपमधल्या दोघी म्हणाल्या, उडवा सगळे. मुलगे म्हणाले, बोललं जातं ना, मग कोशात हवं. मला दोन्ही पटेना. उडवले तर कोश खोटा होतो. आणि "सुंदर मुलगी" लिहिलं तरी कोश खोटाच होतो, कारण तो बोलणाऱ्याच्या बाजूनं बोलतो. वाक्य मागितलं तेव्हा चौदा शब्दांना मुलांनी वाक्यच दिलं नाही. स्वतःच्या नावानं लिहायची लाज वाटली. ते शब्द नियमानं गळले. उरलेल्या सातांपुढे आता लिहिलंय: मुलगे आपापसांत, मुलीच्या पाठीमागे, अपमानकारक. प्रवेशाच्या कोट्यावरून हिणवणारे दोन शब्द होते, त्यांचंही तसंच केलं. ते इथे लिहीत नाही. मास्तरांची टोपणनावं मात्र सरळ काढून टाकली. ती माणसं आहेत, शब्द नाहीत. त्यावरून भाचा दोन दिवस बोलला नाही माझ्याशी.

बाकी बारीकसारीक. "लई", "लय", "लै" तीन ठिकाणी होते. एक मुख्य, बाकीच्यांपुढे "पाहा". "व्हायवा", म्हणजे तोंडी परीक्षा, झाला की झाली? कोल्हापूरकर म्हणतात झाला, शेवटी आ आहे. पुणेकर म्हणतात झाली, परीक्षा आहे ना ती. मतदान घेऊ म्हणत होते. म्हटलं कशाला, पु. आणि स्त्री. दोन्ही लिहा, जुन्या कोशांतही असे शब्द आहेत. इंग्लिश मीनिंगचा रकाना मी कुणालाही न विचारता उडवला. "पोपट झाला"पुढे इंग्रजीत "पॅरट" लिहिलं होतं, यापेक्षा जास्त कारण मला नको होतं.

आणि एक तांत्रिक लोचा, कोशाच्या भानगडीत पडणाऱ्यांच्या उपयोगाचा. साइटवर "ॲटेंडन्स" हा शब्द "ह"च्याही नंतर, अगदी तळाला जाऊन बसला होता. अकारापासून सुरू होणारा शब्द शेवटी का? लातूरच्या मुलीनं शोधून काढलं. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकासाठी प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या यादीत, अखंड "ॲ" हे अक्षर २००८ मध्ये आलं, आणि त्याला जागा मिळाली व्यंजनांच्याच काय, आकड्यांच्याही पलीकडे. साइट त्या क्रमांकांवरून रांग लावत होती. त्यात अर्ध्या पोरांनी अखंड अक्षर टाइप केलेलं आणि अर्ध्यांनी "अ"वर चंद्र चढवलेला, त्यामुळे डोळ्यांना दोन्ही सारखे, पण एक शोधला तर दुसरा सापडेना. "ळ"चीही तीच कथा: वर्णमालेत तो "ह"नंतर, युनिकोडच्या रांगेत "ल" आणि "व" यांच्या मध्ये. तिनं एका रात्रीत मराठी क्रम लावून दिला आणि ग्रुपवर एवढंच लिहिलं, "विषय कट." त्या शब्दाची नोंद झाली, हेच वाक्य साक्षीला घेऊन.

३४० पैकी आज सकाळपर्यंत १९२ नोंदी पुऱ्या झाल्यात. इमोजी ठेवायचे की नाही यावर तह झाला: शब्दापुढे नाही, वाक्यात कुणी खरोखर पाठवला असेल तर आहे तसा.

आता तुमच्याकडून एक हवंय. नाशिक, अमरावती, छत्रपती संभाजीनगर (तेव्हाचं औरंगाबाद), रत्नागिरी इकडे हॉस्टेलवर राहिलेल्यांनी सांगा, काचेखाली दिवा लावून शीट उतरवायला तुमच्याकडे काय म्हणायचे? जीटीच, की दुसरं काही? आणि "चोपन्न" आमच्या खोलीबाहेर कुणी ऐकला होता का? साल आणि गाव लिहा. आणि हो, वाक्यासकट.