‘रीसेट मारा आणि मोकळे व्हा’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

प्रतिक्रिया झणझणीत आहे, पण मुद्द्याला धरून आहे, म्हणून उत्तरही जरा ऐसपैस देतो. बाकीच्या वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. चालता चालता लॅपटॉपचं वाय-फाय अचानक गेलं तर काय बघावं, यावरचा माझा लेख तुम्हाला ‘डोंगर पोखरून उंदीर’ वाटला. तुम्ही दुरुस्तीच्या धंद्यात आहात, गिऱ्हाईक आलं की नेटवर्क रीसेट मारता आणि बहुतेक लॅपटॉप तिथेच सुटतात. पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरणं हा तुमच्या मते अंगारा-धुपारा. आणि मोबाईलला वाय-फाय मिळतंय म्हटल्यावर राउटरकडे बघायचं कारणच काय, असा शेवटचा सवाल.

अंगाऱ्यापासूनच सुरुवात करतो.

‘शट डाउन’ केलं की लॅपटॉप पूर्ण बंद झाला, असं आपण धरून चालतो. विंडोज ८ आलं तेव्हापासून, म्हणजे २०१२ पासून, बहुतेक लॅपटॉपवर तसं होत नाही. ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल तर तुमचे प्रोग्रॅम बंद होतात, पण विंडोजचा गाभा आणि त्यातले ड्रायव्हर (वाय-फाय कार्डासारखे भाग चालवणारे छोटे प्रोग्रॅम) आहेत त्या अवस्थेत डिस्कवर लिहून ठेवले जातात आणि सकाळी तेच परत मेमरीत चढतात. ड्रायव्हर रात्री अडकला असेल, तर सकाळी अडकलेलाच उठतो. ‘रीस्टार्ट’चं तसं नाही, तिथे सगळं पहिल्यापासून चढतं. म्हणून ‘रात्रभर बंद होता तरी वाय-फाय नाही’ आणि ‘रीस्टार्ट केल्यावर आलं’ ही दोन्ही वाक्यं एकाच लॅपटॉपबद्दल खरी असू शकतात. लोक मात्र पहिलं सांगतात आणि दुसरं करून बघत नाहीत.

ही झाली विंडोजची बाजू. वाय-फायचं कार्ड स्वतःचं वेगळं फर्मवेअर, म्हणजे कार्डाच्या आतलंच सॉफ्टवेअर, चालवत असतं, आणि तेही अडकतं. असं झालं की नुसत्या रीस्टार्टने भागेलच असं नाही, कारण कार्डाला मिळणारा ३.३ व्होल्टचा पुरवठा तेवढ्याने तुटतोच असं नाही. चार्जर काढून, पेनड्राइव्ह-माउस वगैरे सगळं उपटून बटण दाबून धरलं, की अनेक मॉडेलमध्ये बोर्डावरचा कंट्रोलर स्वतः रीसेट होतो, कार्डाची वीज खरोखर जाते आणि ते कोरं होऊन उठतं. हे कधी करायचं तेही लेखात लिहिलं होतं: डिव्हाइस मॅनेजरमध्ये (विंडोजमधली लॅपटॉपच्या भागांची यादी) कार्डाशेजारी पिवळं चिन्ह आणि ‘कोड १०’ (भाग सुरूच होत नाही) असेल तेव्हा, किंवा कार्ड यादीतून नाहीसं होऊन ‘शो हिडन डिव्हायसेस’ केल्यावर फिकट दिसत असेल तेव्हा. वाटेल त्या लॅपटॉपवर वाटेल तेव्हा केलं तर अंगाराच. तेवढं तुमचं मान्य.

आता तुमचा रीसेट. तो करतो काय? सगळे नेटवर्क अ‍ॅडॅप्टर काढून टाकतो, पुन्हा बसवतो आणि सेटिंग्ज मूळपदावर आणतो. साठवलेले सगळे वाय-फाय पासवर्ड जातात. ऑफिसचं व्हीपीएन (बाहेरून ऑफिसच्या नेटवर्कला जोडणारा सुरक्षित मार्ग) असेल तर ते बहुधा नव्याने बसवावं लागतं, आणि गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी तुमच्याकडे नाही, ऑफिसच्या आयटीवाल्याकडे जाऊन ओरडतं, त्यामुळे तुमच्यापर्यंत ती तक्रार पोचत नाही. शिवाय ड्रायव्हर परत बसतो तो डिस्कवर असलेलाच. नवा कुठून येणार, नेटच नाही!

आणि रीसेटच्या शेवटी विंडोज काय करतं? रीस्टार्ट. तुम्ही उदाहरण दिलंत, की एका लॅपटॉपवर वाय-फायचं बटणच गायब होतं आणि रीसेटनंतर आलं. शक्य आहे. पण ते रीसेटने आलं की त्यामागोमाग झालेल्या रीस्टार्टने, हे तुम्ही कसं ओळखलंत? आधी नुसता रीस्टार्ट करून बघितला असता तर सुंठीवाचून खोकला गेला असता आणि गिऱ्हाइकाचे पासवर्डही वाचले असते.

रीसेट निरुपयोगी आहे असं माझं म्हणणं नाही. जुन्या व्हीपीएनचे किंवा अँटिव्हायरसचे अवशेष नेटवर्कच्या मार्गात रुतून बसले असतील, लॅपटॉप ‘कनेक्टेड’ दाखवत असेल पण एकही पान उघडत नसेल, तर रीसेटसारखं औषध नाही. त्यातही आधी आयपी, म्हणजे लॅपटॉपला नेटवर्कवर मिळालेला पत्ता, बघावा. १६९.२५४ ने सुरू होत असेल तर राउटरकडून पत्ताच मिळालेला नाही, आणि तेव्हा पहिल्यांदा राउटर बंद-चालू करायचा. ते फुकटचं काम आहे, त्याला माझा कधीच विरोध नव्हता.

माझा आग्रह एवढाच, की हात घालण्याआधी घोडं कुठे अडलंय ते बघा. वाय-फायचं बटणच नाही, बटण आहे पण आपलं नेटवर्क यादीत नाही, नेटवर्क जोडलं जातं पण इंटरनेट नाही: ही तीन वेगवेगळी दुखणी आहेत आणि गिऱ्हाईक तिन्हींना ‘वाय-फाय गेलं’ म्हणतं. २०२३ च्या डिसेंबरात विंडोज ११ चा एक अपडेट आला आणि काही लॅपटॉप विद्यापीठांच्या, कंपन्यांच्या वाय-फायला जोडेनात. घरच्या वाय-फायवर तेच लॅपटॉप सुरळीत. मायक्रोसॉफ्टने ते मान्य केलं आणि तो बदल मागे घेतला. ‘घरी चालतं, कॉलेजात नाही’ या एका वाक्यात निदान होतं. ते न ऐकता रीसेट मारला असता, तर पोराचे पासवर्ड गेले असते आणि कॉलेजातलं वाय-फाय होतं तिथेच राहिलं असतं.

मोबाईलचा मुद्दा मला जास्त आवडला, कारण तो अगदी पटण्यासारखा आहे आणि बऱ्याचदा चुकीचा ठरतो. एक तर, वाय-फाय गेलं की फोन गुपचूप मोबाईल डेटावर सरकतो. व्हॉट्सअ‍ॅप चालू राहतं, आणि माणूस शपथेवर सांगतो की मोबाईलला वाय-फाय मिळतंय. आधी फोनचा डेटा बंद करा, मग बोलू.

दुसरं, फोनला ऐकू येतं ते सगळं लॅपटॉपला ऐकू येईलच असं नाही. वाय-फायच्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात आपल्याकडे १ ते १३ चॅनेल (रेडिओ स्टेशनसारख्या ठरलेल्या जागा) चालतात, अमेरिकेत साधारण ११ पर्यंतच. तिकडून भाच्याने आणलेल्या लॅपटॉपचं कार्ड कधीकधी ११ च्या पुढे बघतच नाही. राउटर ‘ऑटो’वर असला आणि रात्रीतून त्याने १३ वर उडी मारली, की लॅपटॉपच्या यादीत शेजारपाजारची सगळी नावं हजर आणि आपलंच घर गायब. ५ गिगाहर्ट्झवर वेगळी गंमत. ५२ ते १४४ या मधल्या चॅनेलवर पहिला हक्क रडारचा. राउटरला रडारसारखं काही ऐकू आलं तर त्याला १० सेकंदांत ते चॅनेल सोडावं लागतं, आणि याच पट्ट्यातल्या दुसऱ्या चॅनेलवर जायचं तर आधी किमान ६० सेकंद नुसतं ऐकत बसावं लागतं. ‘मिनिटभर जातं आणि आपोआप येतं’ अशी तक्रार असेल तर राउटरमध्ये चॅनेल ३६ पक्कं करून बघा. लॅपटॉपला हात लावायचीही गरज नाही.

आणि यूएसबी ३.० ची हार्डडिस्क! तिच्या केबलीतून आणि खाचेतून निघणारा गोंगाट नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास पडतो. इंटेलने २०१२ मध्येच हे मोजून छापलंय. बॅकअप सुरू केला की वाय-फाय रडतं, डिस्क काढली की सुधारतं. दुकानात लॅपटॉप येतो तेव्हा हार्डडिस्क घरीच राहिलेली असते, त्यामुळे तुमच्याकडे सगळं ठीक आणि घरी गेल्यावर पुन्हा तेच.

आता एक प्रत्यक्षातलं. माझ्या मावसबहिणीच्या लॅपटॉपचं वाय-फाय दुपारी जायचं आणि संध्याकाळी यायचं. रीसेट झाले होते, ड्रायव्हर झाले होते, विंडोजही नव्याने टाकून झालं होतं. मी तिला कमांड प्रॉम्प्टमध्ये (विंडोजची हुकूम टाइप करायची खिडकी) नेटएसएच, डब्ल्यूलॅन, शो, इंटरफेसेस हे चार शब्द मध्ये जागा सोडून टाइप करायला लावले. अर्थात रोमन लिपीत: netsh wlan show interfaces. त्यात सिग्नलचा टक्का दिसतो. टेबलावर स्क्रीन उभी असताना ऐंशीच्या आसपास. दुपारी ती पलंगावर टेकून बसते, स्क्रीन मागे कलते. तशी कलवल्यावर तोच आकडा विशीच्या खाली. मग विचारलं, बिजागरी कधी बदलली होती का? बदलली होती, एका दुकानातून.

मागचं झाकण उघडलं. कार्डाला दोन बारीक वायरी असतात, एक काळी, एक पांढरी, टोकाला टिचबटणासारख्या टोप्या. त्या बिजागरीतून वर स्क्रीनच्या कडेला जातात, कारण अँटेना तिथे असतात. पांढरी वायर बिजागरीच्या स्क्रूखाली चेपून चपटी झाली होती, आतली तांब्याची जाळी दिसत होती. काळीची टोपी कार्डावरून अर्धी उचललेली. नवी वायर ओवली, टोपी दाबून बसवली, संपलं. तोवर झालेले सगळे रीसेट म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

तुमच्यासारख्यांनी एक पथ्य मात्र जरूर पाळावं: ड्रायव्हर अनइन्स्टॉल करण्याआधी अँड्रॉइड फोन यूएसबीने जोडून टेदरिंग, म्हणजे फोनचं नेट केबलीतून लॅपटॉपला देणं, चालतंय का ते बघावं. नाहीतर जुना ड्रायव्हर गेला, नवा उतरवायला नेट नाही, आगीतून फुफाट्यात. फोन स्वतः वाय-फायवर असेल तर तेच वाय-फाय केबलीतून लॅपटॉपला मिळतं, डेटाही खर्च होत नाही.

तो बटण गायब झालेला लॅपटॉप अजून दुकानात असेल, किंवा परत आला (मला वाटतं येईल), तर एक करा. त्याच चार शब्दांत शेवटचा बदलून ‘डब्ल्यूलॅनरिपोर्ट’ (wlanreport) टाइप करा, कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून. मागच्या तीन दिवसांत वाय-फाय कधी जोडलं, कधी तुटलं आणि तुटण्याचं कारण काय नोंदलं गेलं, याचं एक पान तयार होतं. ते कारण आणि कार्डाचं मॉडेल इथेच खाली लिहा. फास्ट स्टार्टअप चालू होतं का, तेही.