कॉस्टिक की एन्झाइम, आधी तेल बघा

तुमची कमेंट दोनदा वाचली. एन्झाइमने बायोडिझेल (तेल आणि मिथेनॉल या अल्कोहोलपासून होणारं इंधन) म्हणजे लॅबमधेच ठीक, कॉस्टिक सोड्याने तासाभरात होतं तिथे हे अख्खा दिवस खातं, वर महाग, आणि एन्झाइम मिथेनॉलने मरतं ते वेगळंच, असं तुम्ही म्हणताय. वेळेचं आणि मिथेनॉलचं एकदम मान्य, माझ्या लेखात ते नीट यायला हवं होतं.

पण तुमचा सगळा हिशोब स्वच्छ रिफाइंड तेलाचा आहे हो! तळून काळं झालेलं तेल घ्या, फ्री फॅटी ॲसिड, म्हणजे तेलातून सुटं झालेलं आम्ल, ५ टक्क्यांच्या वर गेलेलं. कॉस्टिकला ते १ टक्क्याच्या आतच परवडतं, पुढे साबण होतो. मी स्वतः केलंय असं तेल कॉस्टिकने. खाली ग्लिसरीनचा थर बसेचना, अर्धी बरणी जेलीसारखी थरथरत होती, वरचं जे थोडं हाती लागलं ते धुवायला पाणी घातलं तर दुधासारखं पांढरं झालं आणि दोन दिवस ठेवलं तरी पाणी काही सुटलं नाही. तुमच्या त्या एका तासात हे दोन दिवस पण धरा ना.

लायपेज, म्हणजे यात वापरतात ते तेल फोडणारं एन्झाइम, साबण करत नाही. ते तेल फोडून एस्टर, म्हणजेच बायोडिझेल, करतंच, शिवाय त्या फ्री फॅटी ॲसिडचं पण एस्टर करतं, म्हणजे कॉस्टिकला जे नडतं त्याचंच इथे बायोडिझेल होतं, ते पण ३५-४० डिग्रीला.

मिथेनॉलचं म्हणाल तर एकदम ओतलं की ते तेलात पूर्ण विरघळत नाही आणि उरलेलं एन्झाइमला मारतं, म्हणून थोडं थोडं घालायचं. जपानच्या शिमादांच्या टीमने १९९९ मधे दाण्यांवर बसवलेलं लायपेज घेऊन मिथेनॉल तीन टप्प्यांत दिलं, तर तेच एन्झाइम ५० वेळा वापरूनही ९५ टक्क्यांच्या वर एस्टर मिळत होतं. आता महाग म्हणताना एका बॅचची किंमत धरायची की पन्नासची?

खरी अडचण तुम्ही लिहिलीच नाहीत. एन्झाइमने शेवटी दोनेक टक्के फॅटी ॲसिड उरतंच, आणि युरोपच्या ईएन १४२१४ या बायोडिझेलच्या मानकात ॲसिड व्हॅल्यूची (आम्ल मोजायचा आकडा, साधारण टक्क्यांच्या दुप्पट) मर्यादा ०.५ आहे, त्यामुळे शेवटी थोडं कॉस्टिक मारून ते काढावं लागतं. हे मला पण अजून खटकतं.

तुमच्या तेलाचं एकदा टायट्रेशन करून, म्हणजे थेंब थेंब अल्कली घालून आम्ल मोजून, आकडा सांगा. ॲसिड व्हॅल्यू २ च्या आत आली तर कॉस्टिकच करा, मी पण तेच करेन.