सूज धुऊन काढणारा फिल्टर आणि चुकवलेला गुरुवार

‘नवीन फिल्टर रक्तातले सूज आणणारे सगळे रेणू एकाच सेशनमध्ये काढतो. मग डायलिसिस आठवड्यातून एकदा पुरतं, पथ्यही लागत नाही.’ इंदूरच्या मराठी ग्रुपांवर फिरणारा हा संदेश आता आमच्या मामांपर्यंत पोचला आहे. त्यांचं डायलिसिस मंगळ-गुरु-शनि असतं आणि ते गुरुवार सोडायच्या बेतात आहेत. म्हणून स्पष्ट लिहितो.

आधी ‘सूज’. पायावर बोट दाबल्यावर खळगा पडतो, ती सूज म्हणजे साठलेलं पाणी आणि मीठ. मशीन चार तासांत ते पाणी ओढून काढतं, तेव्हा ती उतरते. संदेशातली सूज वेगळी. ती म्हणजे शरीरातला दाह, आणि तो पेटता ठेवणारे सायटोकाइन नावाचे रेणू. एकाच शब्दाने दोन्ही सांगून माणसाला फसवलं आहे.

‘सगळे रेणू निघतात’ हे तर शक्यच नाही. डायलायझरच्या, म्हणजे डायलिसिसच्या फिल्टरच्या, नळकांड्यात हजारो पोकळ तंतू असतात, प्रत्येकाची पोकळी जेमतेम 0.2 मिलिमीटर. आतून रक्त मिनिटाला 300 मिलिलिटरच्या आसपास, बाहेरून डायलिसेट, म्हणजे डायलिसिसचं द्रावण, 500, उलट दिशेने. युरिया 60 डाल्टनचा (डाल्टन म्हणजे रेणूच्या वजनाचं माप), चटकन पलीकडे जातो. सायटोकाइनपैकी इंटरल्यूकिन-6 वीस हजारांच्या वर, टीएनएफ-अल्फा 51,000. आणि ज्याला रक्तातच ठेवायचं ते अल्ब्युमिन नावाचं प्रथिन 66,500. भोकं मोठी केली की अल्ब्युमिनही निसटायला लागतं. काही पडदे हे रेणू अंगाला चिकटवून घेतात, पण ती जागा भरली की काम थांबतं.

शिवाय शरीर हे रेणू सतत बनवत असतं. कॅथेटरचा जंतुसंसर्ग किंवा किडलेल्या हिरड्या तशाच असतील, तर काढलेलं पुन्हा तयार होतं. डायलिसेटसाठी वापरलेलं आरओचं (शुद्धीकरण यंत्राचं) पाणी खराब असेल तर मोठ्या भोकांचा फिल्टर उलटा त्रास देतो: जंतूंच्या विषाचे तुकडे डायलिसेटमधून रक्तात शिरतात. अतिशुद्ध डायलिसेटमध्ये एंडोटॉक्सिन, म्हणजे हेच जंतूंचं विष, मिलिलिटरला 0.03 युनिटच्या खाली हवं. फिल्टरचं नाव विचारण्यापेक्षा सेंटरला हा रिपोर्ट विचारा.

अर्धं खरं आहे, ते मान्य. 2023 च्या ‘कन्व्हिन्स’ अभ्यासात 1,360 रुग्ण होते. दर सेशनला किमान 23 लिटर द्रव पडद्यातून ओढून बदलणाऱ्या हिमोडायफिल्ट्रेशनमध्ये मृत्यू 17.3 टक्के, तर साध्या हाय-फ्लक्स (मोठ्या भोकांच्या फिल्टरच्या) डायलिसिसमध्ये 21.9 टक्के. फरक मोठा आहे. पण ते उपचार आठवड्यातून तीनदाच होत होते.

आता सगळ्यात घातक भाग. गुरुवार सोडला की मंगळवार ते शनिवार, चार दिवसांचा खंड. नेहमीच्या वेळापत्रकातल्या लांब खंडानंतरही (शनिवार ते मंगळवार) मृत्यूंचं प्रमाण वाढतं, हे आधीच माहीत आहे. पोटॅशियमचा 98 टक्के साठा पेशींच्या आत असतो. फिल्टरला रक्तातलं तेवढंच मिळतं, आणि सेशन संपल्यावर आतलं पुन्हा बाहेर येतं. त्यात ‘पथ्य नाही’ म्हणून इंदूरच्या सराफा बाजारातला गराडू (तळलेला कंद) आणि वर नारळपाणी, दोन्ही पोटॅशियमने भरलेले. पोटॅशियम वाढलं की हृदयाची लय बिघडते, आणि पुष्कळदा आधी काही जाणवतही नाही.

सेशन चुकलंच असेल तर त्याच दिवशी सेंटरला फोन करून दुसरी वेळ मागा, वजन सांगा. आडवं झोपल्यावर धाप लागत असेल किंवा हातपाय लुळे वाटत असतील, तर फोनवर न थांबता थेट इमर्जन्सीत न्या.